यष्टीमागून आलेलं एक वाक्य

सोमवार ते शनिवार लोकांना गप्प बसवण्याचा मला पगार मिळत असे. रविवारी तेच काम मी मैदानावर करत असे, आणि तिथे मला त्यात कधीही यश आलं नाही.

नांदेडच्या एका महाविद्यालयात मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो आणि त्यातली चोवीस वर्षं क्रिकेटचा अंपायर. अंपायर कसा झालो याची कहाणी फार छोटी आहे. महाविद्यालयाच्या सामन्याला अंपायर आला नव्हता, ग्रंथालयात बसणारा माणूस निष्पक्ष असतो असा क्रीडाशिक्षकांचा समज होता आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला पांढरा कोट मला अंगाबरोबर बसला. कोटाच्या उजव्या बाहीला आम्लाने पडलेलं भोक होतं. मी चौकार दाखवायला हात हलवला की ते भोक दिसायचं आणि प्रेक्षक टाळ्या वाजवायचे. पुढे परीक्षा दिली, बिल्ला मिळाला, स्वतःचा कोट शिवला. पण त्या टाळ्या परत मिळाल्या नाहीत.

अंपायर काय करतो, असं लोक विचारतात. तो मोजतो. डाव्या खिशात सहा चिंचोके ठेवायचे, प्रत्येक चेंडूला एक उजव्या खिशात टाकायचा. डावा खिसा रिकामा झाला की षटक संपलं. यंत्रं मिळतात, पण चिंचोक्याची बॅटरी संपत नाही. बाकीचं काम ऐकण्याचं. चेंडूला बॅटची कड लागल्याचा आवाज ऐकायचा असतो, आणि त्यासाठी कान उघडे ठेवले की इतरही पुष्कळ काही आत येतं. प्रेक्षकांना वाटतं मैदानावर तेरा माणसं खेळतायत. प्रत्यक्षात तेरा माणसं बोलत असतात आणि मधूनमधून खेळतात.

या बोलण्याला आता 'स्लेजिंग' असं इंग्रजी नाव आहे. आमच्याकडे त्याला नाव नव्हतं, कारण श्वास घेण्याला कोणी वेगळं नाव देत नाही. फलंदाजाचं मन खेळावरून उडावं म्हणून त्याला बोलायचं, एवढाच उद्योग. यात शिवी देणारे सगळ्यात कमी दर्जाचे. शिवीला उत्तर म्हणून शिवी येते आणि फलंदाज उलट सावध होतो. खरे कारागीर शिवी देत नाहीत. लातूरचे एक डॉक्टर मध्यमगती गोलंदाजी करायचे. फलंदाज चुकला की जवळ जाऊन हळूच विचारायचे, "चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासला होता आपण?" समोरच्याने पुढच्या चेंडूला डोळे बारीक केले, की डॉक्टरांचं काम झालेलं असे. उदगीरचा एक खेळाडू स्लिपमध्ये उभा राहून फक्त कानडीत बोलायचा. आमच्या नांदेडच्या पोरांना कानडी येत नाही. एक जण घाबरून मला म्हणाला, "सर, तो काय म्हणून राहिलाय? माझ्या घरच्यांवर तर न्हाई ना?" मी म्हणालो, मलाही कानडी येत नाही. तो त्याच षटकात बाद झाला. जेवणाच्या सुट्टीत मी त्या उदगीरकराला विचारलं. तो शेजारच्या क्षेत्ररक्षकाला विचारत होता की आज डब्यात काय आहे.

रेणापूरचा यष्टिरक्षक व्यंकट मला पहिल्यांदा दिसला तो एका उद्घाटनात. आमच्याकडे स्पर्धेचं उद्घाटन म्हणजे प्रमुख पाहुण्यांनी एक चेंडू टोलवायचा अशी प्रथा आहे. त्याआधी पाऊण तास भाषण असतं. त्या दिवशीचे पाहुणे नुकतेच निवडणूक हरले होते, त्यामुळे त्यांच्यापाशी वेळ भरपूर होता. क्रिकेट हा सभ्यांचा खेळ आहे हे त्यांनी पाच वेळा सांगितलं, आणि बावीस सभ्य माणसं उन्हात उभी राहून ते ऐकत होती. मग ते बॅट घेऊन उभे राहिले. गोलंदाजाने खालून हळूच टाकलेला चेंडू त्यांच्या दोन पायांमधून गेला आणि यष्टी पडली. मी नो-बॉल दिला. पुन्हा टाकला, पुन्हा यष्टी पडली, मी पुन्हा नो-बॉल दिला. ढोलवाले हात वर करून थांबलेले. तेव्हा यष्टीमागून अत्यंत आदराचा आवाज आला, "साहेब, फेरमोजणी मागा."

पाहुणे क्षणभर थांबले आणि स्वतःच इतके हसले की टोपी पडली. तिसरा चेंडू त्यांनी टोलवला. ढोल वाजले.

व्यंकटचं रेणापूरला बी-बियाणं, खतांचं दुकान होतं. काउंटरवर टेकून उभं राहायची सवय झालेला आडव्या बांध्याचा माणूस, आवाज खणखणीत. त्याची कामाची पद्धत मला नंतर कळली. समोर भोकरचा संघ असेल तर शनिवारी दुपारी तो भोकरच्या दुकानदाराला फोन करायचा. आधी सोयाबीनच्या बियाण्याचं बोलायचं, मग, "तुमच्याकडचा तो डावखुरा कोणाचा पोरगा हो?" बियाण्याच्या दुकानात माणूस कधीच नुसतं बियाणं न्यायला येत नाही. कोणाचं लग्न मोडलं, कोण परीक्षेत तिसऱ्यांदा बसलाय, सगळं तिथे पोत्यांवर बसून सांगितलं जातं. रविवारी व्यंकट यष्टीमागे उभा राही तेव्हा त्याच्याकडे अकरा जणांची माहिती असे. ती तो जपून, एकेक वापरत असे. चोवीस वर्षांत मी त्याच्या तोंडून एकही शिवी ऐकली नाही. याचा त्याला अभिमान होता. "सर, शिवी कोणालाबी देता येते," तो म्हणायचा. "बोलायला अभ्यास लागतो." ग्रंथपालाला हे वाक्य आवडणं साहजिक होतं.

आता ओंकारकडे येतो. ओंकार भोकर तालुक्यातल्या एका खेड्यातला. नांदेडला खोली करून शिकत होता. शांत मुलगा. बाद दिलं तर अंपायरकडे न पाहता चालू लागायचा. असे फलंदाज अंपायरला आवडतात. पक्षपात म्हणा हवं तर. वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणत. निवृत्तीनंतर गुरुजी ग्रामपंचायतीला उभे राहिले आणि एका मताने पडले.

मतदान रविवारी होतं. त्याच दिवशी नांदेडला सामना होता, अंपायर मी होतो, आणि ओंकारने त्यात नाबाद सत्तर काढल्या. सामना संपल्यावर तो माझ्याकडे आला. "सर, चिकटपट्टी हाय का?"

अंपायरच्या खिशात चिकटपट्टी असतेच. "कुठं लागलं?" मी विचारलं.

"लागलं न्हाई सर," तो म्हणाला, आणि डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला पट्टी गुंडाळून गेला. मला चमत्कारिक वाटलं, पण खेळाडू पुष्कळ चमत्कारिक गोष्टी करतात.

वर्षभराने लातूरला निवडीचा सामना होता. मंडपात निवड समिती बसलेली. ओंकारचं विभागाच्या संघात जाणं त्या दिवसावर होतं आणि ते पाहायला गुरुजी आले होते. मुलाचा खेळ ते पहिल्यांदाच पाहत होते. पांढरा सदरा, मांडीवर पिशवी, वर्गात परीक्षा चालू असल्यासारखे ताठ बसलेले. समोर रेणापूरची मुलं जास्त असलेला संघ आणि यष्टीमागे व्यंकट. मी बाजूचा अंपायर होतो; म्हणजे फलंदाजाच्या बाजूला पंधरा-वीस पावलांवर उभा. धावबाद आणि यष्टिचीत तिथून पाहायचं असतं.

ओंकार एकेचाळीसवर होता. फिरकी चालू होती, व्यंकट यष्टीला चिकटून. तासभर त्याने दाणे टाकून पाहिले होते, ओंकारने एकही टिपला नव्हता. मग दोन चेंडूंच्या मधे व्यंकट ग्लोव्ह्ज सारखे करत, जणू बाजारात भेटल्यासारखा म्हणाला:

"ओंकार, तुझ्या बापाला एकच कमी पडला रे गड्या. अन् तू त्या दिवशी नांदेडात सत्तर काढून राहिला होतास. त्यातला एक तरी घरी पाठवायचा की!"

आणि मी हसलो.

गालातल्या गालात नाही. मोठ्याने, दात दिसतील असा. कारण वाक्य चांगलं होतं, आणि कारण त्याच क्षणी मला ती चिकटपट्टी आठवली. मतदान केलं की डाव्या हाताच्या त्या बोटाला शाई लावतात. मुलगा मतदानाला गेलाच नव्हता आणि शाई नसलेलं बोट त्याने पट्टीखाली घरी नेलं होतं. कोडं सुटल्याचा आनंद असतो तसा तो आनंद होता. कोडं कोणाचं आहे हे त्यात विसरायला होतं.

ओंकारने व्यंकटकडे पाहिलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग मंडपाकडे, जिथे वडील बसले होते. पुढचा चेंडू पडायच्या आतच तो क्रीज सोडून तीन पावलं पुढे आला, बॅट फिरवली, चेंडू मागे गेला, व्यंकटने बेल्स उडवल्या. निर्णय माझा. बाद होताच. बोट वर केलं तेव्हा चेहऱ्यावरचं हसू पुरतं गेलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत ओंकार मंडपामागे भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याच्या संघाच्या व्यवस्थापकाने तक्रार दिली: यष्टिरक्षक आक्षेपार्ह बोलला. आणि मी भाताला हात लावणार तेवढ्यात गुरुजी माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"सर, नमस्कार. त्यो यष्टीमागचा काय म्हणला हो? तुम्ही हसलात म्हणून विचारतो. पोरगं सांगंना."

"खेळातलं बोलणं होतं, गुरुजी."

"हाव, पण हसण्यासारखं होतं ना?" ते म्हणाले. "मग मलाबी सांगा की. मीबी हसतो."

चोवीस वर्षांत मला अनेकांनी धमक्या दिल्या. एकदा माझ्या स्कूटरची हवा सोडली होती. पण 'मीबी हसतो' असं कोणी म्हणालं नव्हतं. मी म्हणालो, पान वाढलंय, दोन घास खाऊन घ्या. ते म्हणाले, डबा आणलाय.

तक्रार आली की अंपायरला अहवाल लिहावा लागतो. छापील अर्ज असतो. त्यात तीन रकाने: बोलणाऱ्याचं नाव; नेमके शब्द; अंपायरने केलेली कारवाई. आणि आमच्या क्रिकेट संघटनेच्या सचिवांची एक पद्धत होती. पारदर्शकतेवर त्यांचं भाषण ठरलेलं होतं, आणि ते सिद्ध करण्यासाठी प्रत्येक अहवालाचा फोटो ते व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकत. गटात खेळाडू, पालक, पंच, मंडपवाले असे सगळे होते. गुरुजीही होते, रोज सकाळी सुविचार पाठवत.

म्हणजे नेमके शब्द लिहायचे तर ते गुरुजींना लिहून कळवल्यासारखंच होतं. जे बोलणं अयोग्य म्हणून मी तक्रार लिहिणार, ते ज्याच्या कानावर जाऊ नये त्याच्यापर्यंत मीच पोचवणार. मी पहिल्या रकान्यात व्यंकटचं नाव लिहिलं. दुसऱ्यात लिहिलं: "लिहिण्यासारखे नाहीत." तिसऱ्यात लिहिलं: "समज दिली."

समज मी कोणालाही दिली नव्हती.

शिस्तपालन समितीत तीन सभासद होते. पैकी दोघांनी आयुष्यात बॅट धरलेली नव्हती, आणि शिस्तीचा पुळका त्यांनाच जास्त होता. अध्यक्षांनी माझा अहवाल वाचून डोळे मिटले. "लिहिण्यासारखे नाहीत म्हणजे... घरच्यांवरून होतं का?"

"घरच्यांवरून होतं," मी म्हणालो.

हे शंभर टक्के खरं होतं. इतकं खोटं मी दुसऱ्या कुठल्या खऱ्या वाक्यातून बोललेलो नाही. समितीने हळहळ व्यक्त केली, संस्कारांवर दहा मिनिटं चर्चा केली आणि व्यंकटला उरलेल्या हंगामासाठी बाहेर बसवलं.

आठ दिवसांनी व्यंकट नांदेडला ग्रंथालयात आला. तिथे तो पहिल्यांदाच येत होता. आवाज दुकानातलाच.

"सर, मी शिवी दिली का?"

अभ्यासाला बसलेल्या एका मुलीने मान वर केली. "काका, हळू."

"हळूच बोलून राहिलो बाई," तो आणखी मोठ्याने म्हणाला आणि माझ्यासमोर बसला. "सर, रेणापुरात सगळे म्हणून राहिलेत, मी आई-बहिणीवरून बोललो. माझी माय म्हणते, दुकानात बसू नको, लोकं बघतात. एवढ्या वर्षांत तुम्ही ऐकली का माझ्या तोंडून शिवी? बंदी घाला, काय म्हणणं न्हाई. पण जे बोललो ते लिहा. माझं वाक्य लिहा."

"लिहिलं की ते गटावर जातं," मी म्हणालो. "गुरुजी गटात आहेत."

"मग?"

"त्यांना माहीत नाही. पोराने मत दिलं असंच ते समजतात."

व्यंकटने खुर्ची पुढे ओढली. त्याचा आवाज खाली आलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मग म्हणाला, "पण भोकरच्या दुकानात तर ओंकारच्या चुलतभावानंच सांगितलं. कोण मत टाकून गेलं त्याच्या खुणा करायला यादी घेऊन गुरुजींकडून तोच बसला होता. ओंकारचा फोन आला, बस हुकली, उशीर झाला, माझ्या नावापुढं खूण करून टाक; यानं केली. एका मतानं काय होतंय म्हणला. मला वाटलं, बाजारात माहीत हाय म्हणजे घरात माहीत असणारच."

ही चूक तो एकटाच करू शकत होता. बातमी दुकानापर्यंत आली म्हणजे ती घरातून निघाली असणार, हा त्याच्या धंद्याचा अनुभव. ही बातमी घर सोडून सगळीकडे गेली होती.

तो खिडकीतून बाहेर बघत बसला. मी त्याला चहा मागवला. ग्रंथालयात चहा आणू नये असा नियम मीच लावलेला होता.

"ऱ्हाऊ द्या मग," तो शेवटी म्हणाला. "शिवीच दिली म्हणा."

"व्यंकटराव, बंदी तुमच्यावर आहे. मी एकटा समितीला भेटून सांगू शकतो."

"तिघं हायत ना समितीत?" तो म्हणाला. "मी बातम्या गोळा करतो सर. तिघांना माहीत झालेली गोष्ट मला संध्याकाळपर्यंत कळते. ऱ्हाऊ द्या."

जाताना दारात थांबला. "पण तुम्ही हसलात."

"हसलो."

"वाक्य बरं होतं न्हाई?"

"फार चांगलं होतं."

"हाव," तो म्हणाला, आणि त्याचं तोंड क्षणभर खुललं आणि पुन्हा पडलं. मुलगी पुन्हा म्हणाली, "काका." तो तिला हात जोडून गेला.

ओंकारची त्या वर्षी निवड झाली नाही. पुढल्या वर्षी झाली. व्यंकट बंदी संपल्यावर परत आला, पण यष्टीमागून तो आता फक्त गोलंदाजाला शाबासकी द्यायचा. त्याचं यष्टिरक्षण सुधारलं, सामने कंटाळवाणे झाले. एखादा तरुण खेळाडू त्याला चिडवायचा, "काका, ती शिवी कोणती होती हो? आम्हालाबी शिकवा." तो म्हणायचा, "विसरलो."

मैदानावर बोलणं असावं की नसावं, यावर अलीकडे मला कार्यक्रमांना बोलावतात. मी शाल घेतो आणि सांगतो की असावं. मुक्याने खेळायचं तर बुद्धिबळ आहे. पण मी आता एक कसोटी लावतो. मंडपात बसलेल्या त्याच्या घरच्या माणसाने येऊन विचारलं, "मलाबी सांगा की," तर ते वाक्य जसंच्या तसं सांगता येईल का? पाहुण्यांना म्हटलेलं "फेरमोजणी मागा" सांगता येतं. डॉक्टरांचा चष्मा सांगता येतो. शिवी आहे की नाही, याचा त्याच्याशी संबंध नाही.

गेल्या उन्हाळ्यात ओंकारचा फोन आला. तो आता नोकरीला आहे, लग्न ठरलंय. लग्नाआधी त्याने वडिलांना सगळं सांगितलं होतं: बस, सामना, चिकटपट्टी, आणि लातूरचं ते वाक्य. मी विचारलं, गुरुजी काय म्हणाले?

"आधी गोठ्यात जाऊन आले. मग विचारलं, त्या दिवशी किती काढले होतेस? म्हणलं, सत्तर. म्हणले, बाद झालास का? म्हणलं, न्हाई. म्हणले, बरं." ओंकार वडिलांना दादा म्हणतो. "सर, दादा इथंच हायत. बोला."

गुरुजींचा आवाज तसाच ताठ होता. "सर, मी हिशोब केला. त्याचं मत पडलं असतं तरी बरोबरीच झाली असती. मग चिठ्ठी काढतात. अन् चिठ्ठीत माझं नाव उभ्या जन्मात निघालेलं न्हाई." मग म्हणाले, "त्या रेणापूरच्या गड्याला सांगा, वाक्य चांगलं होतं. फक्त एका सामन्यातली धाव दुसऱ्या सामन्यात धरत न्हाईत. तेवढी दुरुस्ती."

मी हे व्यंकटला फोनवर सांगितलं. पलीकडे दुकानातली गिऱ्हाइकं ऐकू येत होती. एकाला त्याने थांबायला सांगितलं. मग म्हणाला, "सर, आता ते लिहिता येतं का?"

समितीकडे विचारणा केली. जुना अहवाल दुरुस्त करण्याची तरतूद नाही, असं सचिवांनी कळवलं, आणि गटावर पारदर्शकतेवर एक संदेश टाकला. म्हणून हा लेख. नावं मी बदलली आहेत, गावं बदललेली नाहीत. ज्यांना हे कळायला हवं ते रेणापुरात आहेत, आणि भोकर तालुक्यात एका मताने पडलेली माणसं इतकी आहेत की गुरुजी सापडायचे नाहीत. ओंकार, गुरुजी आणि व्यंकट, तिघांनीही छापायला परवानगी दिली आहे. अर्जाचा कोरा नमुना माझ्याकडे अजून आहे. तो भरून इथे देतो.

बोलणाऱ्याचं नाव: व्यंकट, यष्टिरक्षक, रेणापूर.

नेमके शब्द: "तुझ्या बापाला एकच कमी पडला रे गड्या. अन् तू त्या दिवशी नांदेडात सत्तर काढून राहिला होतास. त्यातला एक तरी घरी पाठवायचा की!" यात शिवी नाही.

अंपायरने केलेली कारवाई: हसला.